डॉक्टर म्हणतात पिशवीतलं, घरचे म्हणतात पोळी

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

आमचा गुंड्या लॅब्रॅडॉर आहे, वय ९ वर्षं. पिल्लू होता तेव्हापासून घरचंच खातो. सकाळी दूध-पोळी, दुपारी वरण-भात, रविवारी रश्श्यातले चिकनचे पीस मसाला धुऊन. कधी काही झालं नाही. दिवाळीनंतर मात्र तो पाणी फार प्यायला लागला, रात्री घरात लघवी करायला लागला आणि वजन ३४ किलोवरून ३० वर आलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायची घाण, ३.२ निघालं. आमचे डॉक्टर म्हणाले, किडनी कमजोर झाली आहे, घरचं खाणं आजपासून बंद. आणि त्यांच्याच दवाखान्यातली किडनीच्या पथ्याची पिशवी हातात दिली. हिशेब केला तर महिन्याला आठ-नऊ हजारांचं काम आहे. बरं, तो ते खातही नाही. हुंगतो आणि तोंड फिरवतो. एकदोनदा उलटीही झाली.

मी विचारलं, घरी काही शिजवून दिलं तर चालेल का? ते म्हणाले, “नाही.” मोबाईलवर वाचलेली एक रेसिपी दाखवायला गेले तर म्हणाले, “मग औषधही त्यालाच विचारा.” बाहेर चार लोक बसले होते, फार अपमान वाटला. आमचे हे म्हणतात, सगळा कमिशनचा धंदा आहे. सासूबाईंना तर पटतच नाही. नऊ वर्षं ज्या अन्नावर वाढला ते एकदम विष कसं झालं, म्हणून त्या आमच्या नकळत पोळी देतात. नणंद म्हणते पाया सूप दे, ताकद येईल. सध्या आम्ही संध्याकाळी सातनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवतो, म्हणजे निदान रात्रीची लघवी तरी आटोक्यात राहते. डॉक्टर बदलावेत का? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवला आहे.

— वर्षा (नाव बदललं आहे), सातारा

वर्षाताई, डॉक्टरांचं नंतर बघू. आधी पाण्याचं भांडं खाली ठेवा. हे वाचता वाचता उठून ठेवलंत तरी चालेल.

गुंड्या पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त होते असं तुम्ही धरून चाललाय. त्याचं उलटं आहे. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून अंगातलं पाणी निसटत राहतं आणि ते भरून काढायला तो बिचारा पितो. वरून भांडं उचललंत की रात्रभर लघवी होतच राहणार, फक्त भरपाई बंद. अंग सुकतं, किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं आणि जी काही किडनी शिल्लक आहे तिचाही घास जातो. रात्री झोपण्याआधी शेवटची चक्कर मारा, दाराजवळ जुनी सतरंजी टाका, सकाळी फरशी पुसा. नाइलाज आहे.

दुसरी गोष्ट तो रविवारचा रस्सा. साताऱ्याच्या घरात रस्सा म्हणजे कांदा-लसूण मसाला आलाच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, वाळवून, कुटून त्यातला तो गुण जात नाही, आणि पीस नळाखाली धरून आत मुरलेला मसालाही निघत नाही. आजवर दिसण्यासारखं काही झालं नाही, कारण तो धिप्पाड आहे आणि वाट्याला थोडं येत होतं. आता मात्र किडनीच आजारी आहे, आणि नवं रक्त बनवण्याचा निरोप हाडांतल्या मज्जेला पोचवणारं संप्रेरक किडनीतच तयार होतं. म्हणजे रक्त बनतं कमी, आणि त्यात आपण फोडणार. रस्सा बंद. पाया सूपही नको. हाडांत फॉस्फरस ठासून भरलेला असतो, सूपात मीठ असतं. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, पण ती ताकद या आजारात नेमकी उलटते.

आता रिपोर्ट. फोटोत हिमोग्लोबिन आहे, युरिया आहे, क्रिएटिनिन आहे, लिव्हरचे दोन आकडे आहेत. फॉस्फरस नाही. लघवीची तपासणी नाही. रक्तदाब कुठे लिहिलेला नाही. दुसरं पान तुमच्याकडे राहिलं असेल तर प्रश्नच मिटला. पण नसेल, तर जरा गंमत बघा. ज्या खाण्यावरून तुमचं आणि डॉक्टरांचं वाजलं, त्या खाण्याचा सगळा हिशेब ज्या आकड्यावर बेतायचा तो फॉस्फरसचा आकडा अजून कुणी मोजलेलाच नाही. ते ‘पिशवी’ म्हणतात, तुम्ही ‘घरचं’ म्हणता. दोघांनाही कुठे पोचायचंय ते ठरलेलं नाही.

किडनीच्या आजारासाठी जगभरचे प्राण्यांचे डॉक्टर ‘आयरिस’ या संस्थेची चार टप्प्यांची मोजपट्टी वापरतात. कुत्र्याचं क्रिएटिनिन २.९ ते ५ च्या दरम्यान असेल तर तिसरा टप्पा. त्या हिशेबाने गुंड्या तिसऱ्यात बसतो, पण अगदी काठावर. आणि टप्पा एका रक्तावर ठरवत नाहीत. उपाशीपोटी, अंगात पाणी पुरेसं असताना, दोनदा तपासून ठरवतात. रक्त घेतलं त्या दिवसांतही तुम्ही रात्री भांडं उचलत असाल, तर ३.२ मधला थोडा वाटा त्या कोरडेपणाचाही असू शकेल. हे डॉक्टरांना सांगितलंत का? मला वाटतं, नसेल सांगितलं. त्यांनी विचारलंही नसेल.

तिसऱ्या टप्प्यात रक्तातला फॉस्फरस ५ च्या खाली ठेवायचा असतो, जमलं तर बराच खाली. किडनी तो बाहेर टाकू शकत नाही, मग तो साठतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळतात, हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं आणि किडनी आणखी वेगाने खराब होते. पथ्याच्या खाण्यातली मुख्य गोष्ट ही आहे. लोक प्रोटीन-प्रोटीन करतात, प्रोटीनही मोजूनमापूनच द्यायचं असतं, पण ते किती हे ठरवायला लघवीतून प्रोटीन गळतंय का ते बघावं लागतं. ती साधी लघवीची तपासणी आहे, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो म्हणतात. कुत्र्यात तो ०.५ च्या वर गेला तर औषधांचा विचार करावा लागतो. रक्तदाब सारखा १६० च्या वर राहत असेल तर त्याचंही तसंच.

एवढं सगळं मोजायच्या आधीच डॉक्टरांनी पिशवी दिली, मग ते चुकले का? चुकले नाहीत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात किडनीचा जुना आजार असलेल्या ३८ कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. काहींना किडनीचं पथ्याचं खाणं, बाकीच्यांना नेहमीचं तयार खाणं. पथ्यावरच्या निम्म्या कुत्र्यांनी ५९४ दिवस गाठले, दुसऱ्या गटातल्या निम्म्यांनी १८८ दिवस. या आजारात इतका फरक पाडणारी गोळी माझ्या माहितीत नाही. तेव्हा ‘खाणं बदला’ हा त्यांचा आग्रह शंभर टक्के रास्त आहे, आणि तुम्ही त्यांच्याशी वाद घालायला जाल तेव्हा हा मुद्दा सोडून देऊनच जा.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मला आवडला. नऊ वर्षं चाललं ते विष कसं झालं? विष नव्हतंच हो. निरोगी किडनी जास्तीचं सगळं मुकाट्याने गाळून टाकते. तिचा साधारण दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत लघवी पातळ होत नाही, आणि क्रिएटिनिन चढायला तीन चतुर्थांश जावा लागतो. म्हणजे तुम्हाला दिवाळीनंतर जे दिसलं ते कितीतरी आधीपासून चालू होतं. दूध तेच, वरण तेच, पोळी तीच. गाळणारं यंत्र आता पाव राहिलंय. हे त्यांना असंच सांगा, ‘तुमच्यामुळे झालं’ हा सूर चुकूनही लागू देऊ नका, कारण ते खरं नाही.

आता घरच्या स्वयंपाकाचं. ‘घरचं बंद’ हा हुकूम मला सरसकट वाटतो. पण मोबाईलवरची रेसिपी पाहून डॉक्टर वैतागले, तो वैताग समजू शकते. किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठी पुस्तकांत आणि इंटरनेटवर सापडणाऱ्या ६७ रेसिपी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी तपासल्या, २०१२ मध्ये. सगळी पोषकं पुरेशी असलेली एकही निघाली नाही. सदुसष्टात एकही नाही! घरच्या खाण्यात कॅल्शियम, झिंक, कोलीन हे नेहमीचे मागे राहणारे. चिकन-भात दिसायला किती स्वच्छ, किती साधा, पण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. निरोगी कुत्र्यालासुद्धा नुसत्या त्याच्यावर वर्षानुवर्षं ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात.

आणि तरीही घरचं होऊ शकतं. या पथ्याच्या पिशवीचा जन्मच मुळी एका घरच्या ओट्यावर झालाय. १९३९ च्या सुमाराला अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाच्या अंध गृहस्थांचा बडी हा वाटाड्या कुत्रा किडनीने आजारी पडला. मार्क मॉरिस नावाच्या पशुवैद्यांनी त्याच्यासाठी वेगळं खाणं बेतलं, ते आणि त्यांच्या पत्नी लुईझ स्वतःच्या स्वयंपाकघरात शिजवून काचेच्या बरण्यांत भरून पाठवायचे. बरण्या फुटायला लागल्या तेव्हा डबे आले, आणि १९४८ पासून हिल नावाच्या पॅकिंग कंपनीने ते काम घेतलं. आज पथ्याच्या खाण्याचं जे एक मोठं नाव दुकानात दिसतं, ते हेच. फरक इतकाच की ओट्यावर उभा असलेला माणूस डॉक्टर होता आणि त्याने आधी मोजलं होतं.

म्हणून मी इथे रेसिपी देणार नाही. गुंड्यासाठी घरचं ठरवायचं तर पांढरा भात किती ग्रॅम, मांस किंवा अंड्याचा पांढरा किती, तेल कुठलं, फिश ऑइल किती, फॉस्फरस नसलेलं व्हिटॅमिन-मिनरलचं मिश्रण कुठलं आणि कॅल्शियम किती, हे सगळं त्याच्या वजनाला आणि त्याच्या रिपोर्टला धरून बसवावं लागतं. वाटी-चमच्याने चालत नाही, किचनचा वजनकाटा लागतो. रोज. पाहुणे आले तरी, गणपतीत तरी. तुमच्याकडून हे होईल का, याचा घरात बसून खरा विचार करा. मधला रस्ताही आहे: दिवसाचा मोठा वाटा पथ्याच्या खाण्याचा, उरलेला वाटा ठरवून दिलेल्या घरच्या दोन-तीन पदार्थांचा. खर्च आवाक्यात येतो, कुत्रा जेवतो आणि डॉक्टरही सहसा याला तयार होतात. पण प्रमाण त्यांच्याकडून लिहून घ्या, अंदाजाने नको. किती मिसळल्यावर पथ्य पथ्य राहत नाही, हे पिशवीवर छापलेलं नसतं.

तो खात नाही, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला तीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. किडनीच्या आजारात रक्तात साठलेल्या घाणीने मळमळतं. नेमकं त्याच दिवसांत नवं खाणं पुढे आलं, तर कुत्र्याच्या डोक्यात हिशेब पक्का बसतो की याच्यामुळे मला कसंतरी होतं. मग ते खाणं कितीही चांगलं असो, तो शिवत नाही. तुम्ही उलट्यांचं लिहिलंय, म्हणजे मळमळ आहेच. डॉक्टरांना आधी त्याचं औषध मागा. चार-सहा दिवस पोट शांत होऊ द्या, तोवर तो जे साधं खातो ते द्या, आणि मग नवं खाणं जुन्यात चिमूट-चिमूट वाढवत न्या. निरोगी कुत्र्याला सात दिवस पुरतात, आजारी आणि हट्टी लॅब्रॅडॉरला तीन आठवडे लागले तरी लागू देत. कोमट पाणी घालून दहा मिनिटं भिजवलं की वास सुटतो. नाहीच जमलं तर त्याच पथ्याचं दुसऱ्या कंपनीचं किंवा डब्यातलं ओलं खाणं मागून बघा, चवीत पुष्कळ फरक असतो.

‘भूक लागली की खाईल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चार किलो आधीच गेलेत, त्यात मांसपेशी असणार. पथ्याचं खाणं कपाटात आणि कुत्रा उपाशी, याला उपचार म्हणत नाहीत. (मांजरवाल्या वाचकांनी तर ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य विसरूनच जावं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचून जिवावर बेततं.)

शिवाय, वर्षाताई, गुंड्या खात नाही असं तुम्ही म्हणता आणि त्याच पत्रात सासूबाई पोळी देतात असंही म्हणता. तूप लावलेल्या एका पोळीत शंभर-सव्वाशे कॅलरी असतात. तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण चौदाशे पुरतात. दिवसभरात चार पोळ्या पोटात गेल्या तर तिसरा हिस्सा जेवण झालंच. मग समोरच्या वाडग्याला तो कशाला विचारेल? आणि डॉक्टरांना वाटणार की महिनाभर पथ्य चालू आहे तरी आकडे सुधारत नाहीत, म्हणजे औषध वाढवा.

कमिशनबद्दल आता सरळच लिहिते. दवाखान्यात विकल्या जाणाऱ्या खाण्यावर दवाखान्याला पैसे सुटतात. कुठल्याही दुकानदाराला सुटतात तसे. यात लपवण्यासारखं काही नाही आणि त्यावरून सल्ला खोटाही ठरत नाही. तुमच्या यजमानांची शंका फेडायचा एक सोपा मार्ग आहे. डॉक्टरांना म्हणा, “खाण्याचं नाव आणि रोजचे ग्रॅम कागदावर लिहून द्या, मी बाहेरही चौकशी करते.” सरळ लिहून दिलं, तर विषय संपला. ‘इथूनच घ्यायला लागेल’ असं उत्तर आलं, तर यजमानांचं म्हणणं मी ऐकून घेईन. आणि महिन्याला नऊ हजार झेपत नसतील तर तसं स्पष्ट सांगा. आपल्याकडे लोक पैशाचं बोलायला लाजतात, वरवर ‘घरचं जास्त पौष्टिक असतं ना’ असं काहीतरी बोलतात, आणि डॉक्टर पौष्टिकतेवर लेक्चर देतात. “डॉक्टर, महिन्याला चार हजारांच्या वर मला शक्य नाही, यात सगळ्यात चांगलं काय बसेल?” या वाक्यावर कुणीही बरा डॉक्टर कामाला लागतो.

टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर मी आयुष्य काढलंय, म्हणून तिथलं थोडं सांगते. संध्याकाळच्या गर्दीत, एकीकडे पार्व्होचं पिल्लू सलाइनवर असताना, कुणी मोबाईल नाकासमोर धरला की माणूस तडकतो. तडकू नये, हे खरंच. ‘औषधही त्यालाच विचारा’ हे बोलणं उद्धट होतं, त्याची मी बाजू घेणार नाही. पण तुमचा प्रश्नही असा होता की त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. ‘घरचं चालेल का?’ यातलं घरचं म्हणजे काय, ते त्यांना कुठे ठाऊक आहे? त्यांच्या डोळ्यांसमोर कांदा-लसूण मसाला आणि बिस्किटांचा पुडा आला असणार, आणि अगदीच चुकीचा आला नाही.

या वेळी आधी फोन करा. लसीकरणाची झुंबड नसते अशी वेळ मागा आणि वीस मिनिटं लागतील असं सांगा, जास्त फी पडली तरी द्या. जाताना मोबाईलवरची रेसिपी नको, आठवड्याची वही न्या: गुंड्याने रोज काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळा ओकला, पाणी साधारण किती प्यायला. आणि विचारायचं ते असं: “फॉस्फरस किती आहे आणि तो कितीपर्यंत आणायचाय? लघवीची तपासणी आणि रक्तदाब कधी करू या? तो हे खात नाही, तर हाच फॉस्फरस खाली आणायचा दुसरा मार्ग कोणता? जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध जेवणासोबत देऊन भागेल का? चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून ठरवू या का?” बघा, यात कुठेही तुम्ही त्यांना चूक म्हटलेलं नाही, आणि तरी ‘पिशवी नाहीतर काही नाही’ हा दरवाजा उघडलाय. पटलं नाही तर तिथेच म्हणा, “मला हे पटत नाहीये, जरा समजावून सांगाल?” हो-हो म्हणून बाहेर पडायचं आणि घरी आपल्या मनाचं करायचं, ही आपली जुनी खोड. कुत्रा त्यात नाहक भरडला जातो.

डॉक्टर बदलावेत का? फटकळपणासाठी बदलू नका. गोड बोलून चुकीचं औषध देणारेही असतात. पण रिपोर्टच्या प्रती द्यायला टाळाटाळ केली, फॉस्फरस तपासायचं कारण समजावूनही ‘गरज नाही’ म्हणून उडवून लावलं, कुत्रा उपाशी आहे हे ऐकूनही पिशवीवरच अडून बसले, किंवा दुसऱ्या कुणाला दाखवते म्हटल्यावर चिडले, तर खुशाल बदला. दुसरं मत घ्यायचं असेल तर तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईकडे कुणी असेल तर परळचं महाविद्यालय आहे. घरच्या खाण्याचं गणित बसवून हवं असेल तर पशुपोषण विषयात एम.व्ही.एस्सी. केलेल्या माणसाला गाठा, मात्र आधी विचारा की कुत्र्या-मांजरांचं काम करता का, कारण या विषयातले बरेच जण गाई-म्हशी आणि कोंबड्यांच्या खाद्यात मुरलेले असतात. जुन्या डॉक्टरांना कळवून जा. चोरून दोन दवाखाने चालवले की औषधं दुप्पट होतात आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. एक मात्र लक्षात असू द्या: दिवसभर काहीच खाल्लं नाही, सारख्या उलट्या, तोंडाला उग्र वास, किंवा लघवीच बंद, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंट, दुसरं मत, यातलं काही बघू नका. जो दवाखाना जवळ आणि उघडा असेल तिथे त्याच दिवशी न्या, फटकळ डॉक्टरांचा असला तरी.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना ‘देऊ नका’ म्हणून काही होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि गुंड्यालाही. त्यांच्या हातात देण्यासारखं काहीतरी ठेवा. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चांगला, फॉस्फरस जवळजवळ नसतो. पिवळा मात्र नको, सगळा फॉस्फरस तिथेच असतो. श्रावणात घरात अंडं चालत नसेल तर काकडीचे काप, बिया काढलेली सफरचंदाची फोड. दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे गुंड्याला एकशेचाळीसच्या आत. दूध, पनीर, बिस्किटं बंद. आणि ती खाण्याची वही सासूबाईंनाच लिहायला सांगा. दिवसभर घरात त्याच असतात, तो कधी किती खातो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यांनी दिलेली पोळीसुद्धा त्यात आली पाहिजे, रागावायचं नाही असं आधी कबूल करा. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही सोबत न्या.